सावली कुठे जाते?

“आणि ती परत नाही आली तर?”

साडेचार वर्षांच्या वेणूनं आदल्या रात्री अंथरुणात हे विचारलं, कुशीवर वळली आणि गाढ झोपून गेली. झोप उडाली ती तिच्या आईची, ऋजुताची.

प्रश्न सावलीचा होता.

आपल्याकडे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. शून्य सावलीचा दिवस. त्यातला एक मे महिन्यात येतो. दुसरा येतो ऐन पावसाळ्यात, आणि ढगांच्या गोधडीत गुडूप होऊन जातो. म्हणजे पाहायचं तर मेमध्ये, आणि हुकलं तर पुढच्या मेमध्ये.

ऋजुता आठवडाभर याच नादात होती. मोसंब्याची पृथ्वी झाली, टॉर्चचा सूर्य झाला, मोसंब्यात टोचलेल्या टाचणीची काठी झाली. आणि शेवटी, उत्साहाच्या भरात, टाळी वाजवून: “वेणू, उद्या दुपारी तुझी सावली गायब होणार! फुर्रर्र!”

वेणू हसली नव्हती.

पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली आई मग पंख्याकडे बघत पडून राहिली. आपण लेकीला विज्ञान शिकवलं, की भुताची गोष्ट सांगितली?

दुसऱ्या दिवशी दोघी शेलारबाईंच्या अंगणात पोचल्या, तेव्हा तिथे जत्रा भरली होती.

शेलारबाई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. कृष्णाकाठच्या त्या गावात त्यांच्या घरापुढे हळद वाळवायचं मोठं फरसबंद अंगण होतं. “हळद गेली, आता पोरं वाळत घालते,” असं त्या म्हणत. दर शनिवारी गावातली पोरं तिथे यायची. चिखलात हात घालायची, भोपळ्याच्या बिया मोजायची, मुंगळ्यांमागे रांगायची.

ऋजुता तिथे शिकायला यायची. बाईंच्या हाताखाली काम करायचं म्हणून ती पहिल्यांदा आली, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “काय काय येतं?”

तिनं सांगितलं. पदवी सांगितली, केलेले कोर्स सांगितले, घरी करून पाहिलेले प्रयोग सांगितले.

बाई ऐकत होत्या… “आणि गप्प बसता येतं?”

ऋजुता हसली. बाई हसल्या नाहीत.

त्यांच्या अंगणात नियम एकच होता. आधी सांगायचं नाही. पोरांना दिसेल ते दिसेल, विचारतील ते विचारतील. ऋजुतानं हा नियम मनापासून मान्य केला होता, आणि घरी मात्र रोज मनापासून मोडला होता.

आज अंगणाच्या मधोमध काठी रोवली होती. ती सरळ आहे का हे बघायला पोरांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला होता आणि त्यावरून भांडणही करून झालं होतं. काठीशेजारी बाटल्या, तांब्या, तेलाचा डबा, कुणीतरी आणलेली शेवयाच्या सोऱ्याची नळी, अशा सगळ्या उभ्या वस्तूंची रांग. प्रत्येकीच्या सावलीच्या टोकाशी खडूची खूण. सावली आखडली की नवी खूण.

“चार बोटं राहिली!”

“तुझी बोटं जाडी आहेत! पाच!”

“ए, डब्याला हात लावू नका रे! हलला, हलला! बाई, यानं डबा हलवला!”

वेणू मात्र पडवीत होती. खांबाला मिठी मारून, पडवीच्या गार सावलीत.

“चल ना गं,” ऋजुता म्हणाली. “सगळे बघतायत.”

“मी इथेच बसणार.”

“का पण?”

“इथे मोठी सावली आहे. माझी तिच्यात लपवलीये.”

तेवढ्यात शंभू आला. वय वर्षं आठ, अंगणातला सगळ्यात जाणता माणूस. तोंडावरचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसत त्यानं ज्ञान दिलं: “सावली नसते ना, ते भूत असतं. माझी आत्या म्हणते. सावली गेली की पाय उलटे होतात. टाचा पुढे, बोटं मागं.”

“शंभू!” ऋजुता ओरडली.

“खरंच, काकू. आत्यानं बघितलंय.”

वेणूनं पाय फ्रॉकखाली ओढून घेतले आणि खांब आणखी घट्ट धरला.

आता ऋजुताचं मन पुढं पुढं धावू लागलं. सावली काय, आज नाही तर पुढच्या वर्षी. पण ही पोर आज घाबरून पडवीत बसली तर? उद्या आरशाला घाबरेल, परवा ग्रहणाला. मग दहावीनंतर विज्ञान सोडेल. आणि लोक विचारतील, आई काय करत होती? आई मोसंबं फिरवत होती.

ती बाईंकडे गेली. बाई पडवीच्या पायरीवर बसून कैरी चिरत होत्या.

“बाई, अगदी थोडा वेळ राहिलाय. वेणू येत नाही.”

“मग?”

“काय सांगू तिला?”

“आजवर काय सांगितलंस?”

ऋजुतानं सांगितलं. पृथ्वीचा कललेला आस, अक्षांश, सूर्याचं उत्तरेकडे सरकणं, मोसंबं, टाचणी. एका दमात. बाईंनी सुरी थांबवून सगळं ऐकलं.

“हे तिनं विचारलं होतं?”

“…नाही.”

“तिनं काय विचारलं होतं?”

“परत नाही आली तर, म्हणून.”

“येते परत?”

“येते ना, बाई! लगेच दुसऱ्या बाजूनं दिसायला लागते. सकाळी पश्चिमेला होती ती पूर्वेला.”

“तू पाहिलीस?”

ऋजुतानं मागची वर्षं आठवून पाहिली.

लहानपणी मे महिन्यात दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की ‘ऊन लागेल’ म्हणून आत ओढलं जायचं. कॉलेजात हे सगळं फळ्यावर होतं. गेल्या वर्षी नेमकं आभाळ आलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी वेणूला गोवर…

“गणितात पाहिलीये,” ती म्हणाली.

“हं,” बाई म्हणाल्या.

बाईंचं हे ‘हं’ फार वाईट. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

“जा,” बाई म्हणाल्या. “काठीशेजारी उभी राहा.”

“वेणूला घेऊन?”

“वेणूचं नाव कुणी काढलं? तू जा.”

“पण बाई, मी उभी राहिले तर ती आणखी घाबरेल. त्या शंभूनं तिला…”

“ऐकलंय मी शंभूचं. त्याच्या आत्याला मीच शिकवलंय.” बाईंनी कैरीची कोय बाजूला टाकली. “आणि तिथून काही बोलायचं नाही. ‘घाबरू नको’सुद्धा नाही.”

ऋजुता उन्हात गेली.

शंभूनं तिच्याभोवती खडूनं रिंगण काढलं. “काकू, ताठ! मान सरळ! ओळंबा लावू का?”

आणि मग कुणीतरी सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं, टाळ्यांचा ठेका धरला: “काकू भूत होणार! काकू भूत होणार!”

पडवीत वेणू उभी राहिली होती. खांबामागून एकच डोळा दिसत होता. ऋजुताच्या ओठावर शब्द आले होते, काही नाही गं राणी, गंमत आहे, इकडे बघ. ते तिनं गिळले. एम. एस्सी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा तिला एवढा घाम फुटला नव्हता.

“दोन बोटं!”

“दीड!”

“एक! माझं करंगळीचं एक!”

आणि नेमका त्याच वेळी डोंगराच्या अंगानं एक ढग आला. एकच. कापसाच्या उशीएवढा. अंगणावरचं ऊन पुसल्यासारखं गेलं, सगळ्यांच्या सावल्या गेल्या, खुणा कोरड्या राहिल्या.

“ए! ए ढगा! सरक की!”

“आत्ताच कशाला आलास रे!”

“फुंका! सगळे फुंका!”

पोरं आभाळाकडे तोंड करून गाल फुगवून फुंकू लागली. ऋजुतानं बघितलं तर पायरीवर बाईही फुंकत होत्या, अगदी मन लावून. मग ऋजुतानंही फुंकलं. वरच्या ढगाला खालून फुंकण्याचा काय उपयोग, हे तिला ठाऊक होतं. तरी फुंकलं.

ढग सरकला. ऊन धाडकन अंगणात पडलं.

सगळी पोरं खाली वाकली. मग एकच कल्ला.

“गेली! काठीची गेली!”

“बाटलीची पण! बाई, बाटलीची पण गेली!”

“नळीतून ऊन खाली पडलंय! गोल! हे बघा, गोल!”

सोऱ्याची नळी बुडापर्यंत उजळली होती. काठी नुसतीच उभी होती, मागे-पुढे, उजवी-डावीकडे काहीही नसलेली. ऋजुतानं खाली पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजवर शंभरदा कागदावर सोडवलेलं, आणि हे असं असतं? तिला ओरडावंसं वाटलं. नाचावंसं वाटलं.

“काकूंची पण गेली!” शंभू किंचाळला.

“आई!”

वेणू पडवीतून सुटली ती बाणासारखी. एका पायात चप्पल, दुसरा पाय तापल्या फरशीवर टेकवत-उचलत, लंगडी घालावी तशी. ऋजुतानं तिला उचलायला हात पसरले. पण वेणू हातांत शिरलीच नाही. ती थेट आईच्या पायाशी बसली आणि तिनं सलवारीची किनार वर केली.

“पाय दाखव.”

“अगं, माझे पाय…”

“दाखव ना!”

तिनं आधी बोटं पाहिली. मग रांगत मागे जाऊन टाचा पाहिल्या. पुन्हा पुढे येऊन बोटं पाहिली.

“सरळच आहेत!” तिनं सगळ्या अंगणाला ओरडून सांगितलं.

“थोडं थांब,” शंभू आशेनं म्हणाला. “वेळ लागत असेल.”

पण वेणूचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. आईच्या चपलांभोवती फरशीवर एक काळा, पसरट डाग होता. तिनं त्याच्या कडेवर बोट फिरवलं.

“आई, सरक.”

ऋजुता सरकली. डागही सरकला.

“आता पाय उचल. हा नाही, तो.”

ऋजुतानं पाय उचलला. पायाखाली पायाएवढंच काळं. वेणूनं हात आत घातला, हातही काळा झाला. बाहेर काढला. परत घातला.

“उडी मार.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“मार ना!”

एम. एस्सी., फर्स्ट क्लास आईनं ओढणी कमरेला खोचून भर अंगणात उडी मारली. डाग खाली राहिला आणि ती वर गेली. वेणू खिदळली. “परत!” मग शंभूनं मारली, मग सगळ्यांनी. अंगणभर पोरं उडू लागली, खाली बघत, एकमेकांवर आदळत. “माझी बघ! माझी खाली राहिली!” पायरीवर बाईंनी खांब धरून नुसत्या टाचा उचलल्या. “माझे गुडघे रजेवर आहेत,” त्या म्हणाल्या.

ऋजुताला राहवेना. सगळं इतकं सुंदर जुळून आलं होतं, इतकं मुद्देसूद. ती वेणूशेजारी उकिडवी बसली.

“बघितलंस वेणू? म्हणजे आता सूर्याचे किरण अगदी सरळ…”

बाई कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी तिखटमीठ लावलेली कैरीची मोठी फोड ऋजुताच्या उघड्या तोंडात घातली.

दात आंबले. डोळे मिटले. किरण जागच्या जागी राहिले.

अंगणात उड्या चालूच होत्या. काठीच्या पूर्वेला दोऱ्याएवढी बारीक रेघ उमटली होती. बाईंनी ती पाहिली, ऋजुतानं पाहिली. दोघीही काही बोलल्या नाहीत.

बाई कमरेत वाकल्या.

“काय वेणूबाई,” त्यांनी विचारलं, “कुठे गेली होती मग?”

वेणूनं डागाच्या कडेवर पुन्हा बोट फिरवलं. तिचा तळवा अजून फरशीवर होता…

“कुठेच नव्हती गेली,” ती वर न बघता म्हणाली. “आई तिच्यावर उभी होती.”