दूरचे भिंग

त्या प्रदेशाच्या मधोमध एक दरी होती आणि दरीवर पूल नव्हता. पूर्वी तिथे सलग कुरण होते. मग एका उन्हाळ्यात जमीन हादरली, दुभंगली, आणि त्या घटकेला जो जिथे चरत होता तो तिथलाच होऊन राहिला. अलीकडचे आणि पलीकडचे हे शब्द तेव्हापासूनचे. दरीवरून पक्षी जात-येत असत, पण उडणाऱ्यांना जमिनीवरच्यांची नावे पाठ नसतात, आणि निरोप पोचवायचा तर नाव लागते.

प्रत्येकाचे कोणी ना कोणी पलीकडे राहिले होते. ऊन उतरले की अलीकडचे प्राणी कडेवर येऊन उभे राहत. नुसत्या डोळ्यांना समोरची कड म्हणजे एक निळसर रेघ दिसे. तरी ते उभे राहत, आणि अंधार पडू लागला की एकमेकांशी न बोलता परत फिरत.

काजळी नावाच्या हरिणीचे पाडस पलीकडे राहिले होते. त्याचे नाव मोहर. जमीन हादरली तेव्हा ते हिरव्या गवताच्या एका पट्ट्याकडे धावत गेले होते. तिने हाक मारली होती, आणि ते वळलेही होते. त्याच्या डाव्या कानाला बाभळीच्या काट्याने फाटून एक खाच पडली होती. वळताना तो कान हलला, एवढे तिने पाहिले. नंतर धूळच धूळ.

अलीकडच्या बाजूला, ओढ्याच्या काठी, एक म्हातारे कासव राहत असे. ते गारगोट्यांतून स्फटिक निवडी, ओल्या वाळूवर घासून त्यांची भिंगे करी आणि ती भिंगे लाकडी पेटीला बसवी. पेटीला डोळा लावला की समोरचे दिसे, आणि कळ दाबली की जे दिसत असेल ते आतल्या पातळ सालीवर उमटे. स्फटिक दुर्मीळ असल्यामुळे कासवाने नियम केला होता: एकाला एकच पेटी, आणि दिलेली पेटी बदलून मिळणार नाही.

आपले पाडस आता पाडस राहिले नसेल, हे एके दिवशी काजळीच्या मनात आले आणि ती ओढ्यावर गेली.

"आजोबा, मला पलीकडचं बघायचंय."

"सगळ्यांना तेच बघायचं असतं. बस," कासव म्हणाले, आणि त्याने तिच्यापुढे दोन पेट्या ठेवल्या.

पहिल्या पेटीला पुढे लांब नळी होती. "ही घेतलीस तर आज संध्याकाळीच पलीकडचं दिसेल. नळी आत-बाहेर होते. पायाजवळची मुंगी बघ, नाहीतर समोरच्या कडेवरचं झाड बघ. पुन्हा माझ्याकडे काही मागायला यायला नको. पण हिचं भिंग कायमचं जोडलेलं आहे, निघत नाही. आणि एकच भिंग सगळीकडे धावायला लागलं की कुठंच पुरतं पोचत नाही. उन्हात बरं दिसतं. ऊन उतरलं की चित्र रवाळ होतं, ओल्या वाळूवर काढल्यासारखं."

"पलीकडचे तर ऊन उतरल्यावरच कडेवर येतात, असं पेटीवाले सांगतात."

"हो. दिवसा ती कड तापते."

"आणि ही दुसरी?"

"हिचं तोंड मोकळं आहे. हवं ते भिंग बसव, काढ, दुसरं बसव. आतली सालही मोठी, थोड्या उजेडात नीट उमटते. आज तुला जवळचं भिंग देतो. दूरचं मागाहून. त्याला माझ्या डोक्याएवढा निर्मळ स्फटिक लागतो. तो सापडायचाय. सापडला की घासायचाय."

"किती दिवस लागतील?"

"कासवाला विचारतेस?"

काजळी दोन्ही पेट्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "दूरच्या भिंगातून कानाची खाच दिसेल?"

"कानावरची लवसुद्धा दिसेल."

"आणि या नळीतून?"

"कान आहे, एवढं कळेल."

तिच्या मागे साळोबा नावाचे साळिंदर उभे होते. काजळीच्या शेजारच्या बिळात ते राहत असे आणि तिला वहिनी म्हणत असे; ती त्याला भाऊजी म्हणे. त्याचा थोरला भाऊ पलीकडे होता. साळोबाने फार विचार केला नाही. त्याने नळीची पेटी उचलली. "मला भाऊ बघायचाय, आणि आज बघायचाय," तो म्हणाला आणि काटे खुळखुळवत कडेकडे निघूनही गेला.

काजळीने मोकळ्या तोंडाची पेटी घेतली.

त्या संध्याकाळी ती साळोबाजवळ जाऊन उभी राहिली. साळोबाने नळी पूर्ण बाहेर काढली होती आणि श्वास रोखून धरला होता, कारण लांबचे पाहताना श्वासानेसुद्धा पेटी हलते.

"दिसला का भाऊ, भाऊजी?"

"दिसला." साळोबा नळीला डोळा लावूनच म्हणाला. "म्हणजे तोंडबिंड काही कळत नाही. काळा ठिपका आहे. पण उभा कसा राहिलाय बघ ना, एका अंगावर कलून. तोच. आमची आई ओरडायची त्याला, सरळ उभा राहा म्हणून." मग पेटी बाजूला करून तो म्हणाला, "तू बघ की. हरणांचा कळपही आलाय तिकडे."

काजळीने मान खाली केली. पेटीला डोळा लागणार एवढ्यात ती मागे सरली.

"नको. भाऊजी, तुम्ही भावाला मोठेपणी पाहिलंय. त्याची ढब तुम्हाला ठाऊक आहे. मी मोहरला एवढासा पाहिलाय. तो आता उभा कसा राहतो, मला काय माहीत? एवढ्या हरणांत खाचेवाचून ओळखणार कसं? आणि चुकून भलत्याच ठिपक्याला माझा म्हटलं, तर तोच ठिपका मनात बसेल. त्याचा आठवतोय तोही चेहरा जाईल माझा."

साळोबाने पुन्हा पेटीला डोळा लावला.

दिवस गेले. काजळी जवळच्या भिंगातून जवळचे पाहू लागली. आधी वेळ जावा म्हणून; नंतर तिला त्याची गोडी लागली. कोळ्याच्या जाळ्यावर थांबलेले धुके, म्हाताऱ्या तरसाच्या मिशा, बेडकाच्या डोळ्यातले आभाळ. तिची चित्रे इतकी स्वच्छ असत की पाहणाऱ्याचा श्वास थांबे. रानातले प्राणी आपापली लेकरे घेऊन तिच्याकडे येऊ लागले. एकदा शशी नावाची ससीण तिची नुकती डोळे उघडलेली पिल्ले घेऊन आली. काजळीने त्यांची चित्रे काढली, आणि मग पेटी बाजूला ठेवून ती एका पिल्लाच्या कानाकडे बराच वेळ बघत राहिली. कान शाबूत होता, नितळ, आतून गुलाबी.

"काय झालं गं?" शशीने विचारले.

"काही नाही. मोठी व्हायच्या आत पुन्हा आण," काजळी म्हणाली.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस कासवाचा निरोप आला. स्फटिक सापडला होता, पण लहान. त्यातून दूरचे भिंग होणार नव्हते, मधले झाले असते.

"घेतेस का? की मोठ्याचा शोध चालू ठेवू?" कासवाने विचारले. "मधलं घासायला घेतलं तर शोध थांबेल. मला हात दोनच."

"मधल्यातून काय दिसतं?"

"अर्धी दरी."

अर्धी तर अर्धी, असे काजळीला वाटले. आजवर तिला दरीतले काहीच दिसले नव्हते. मधले भिंग बसवून ती कडेवर गेली आणि तिने पाहिले की दरीत घारी तरंगत होत्या, आणि घारींच्या पाठी वरून पाहिल्या तर तांबूस सोन्याच्या असतात. खाली धुके फुटून एक झाड वर येत होते. सगळे फार सुंदर होते. मोहर तिथे नव्हता. घरी जाताना तिच्या लक्षात आले की घारी पाहता पाहता आज ती समोरच्या रेघेकडे बघायची विसरली होती. त्या विचाराने ती वाटेतच थांबली.

मग कासवाने मोठ्या स्फटिकाचा शोध पुन्हा सुरू केला.

साळोबा मात्र रोज संध्याकाळी तिथेच असे. एकदा तो म्हणाला, "वहिनी, एक सांगू? रागावू नको. पलीकडे एक हरीण आहे. कळप येतो, चरतो, जातो. हे एकटं मागं राहतं. कडेच्या अगदी टोकाला येतं आणि इकडे तोंड करून उभं असतं. मी परततो तेव्हाही उभंच असतं."

काजळीचे कान ताठ झाले. "कानाला खाच आहे?"

"ते नाही गं दिसत."

"शिंगं?"

"दोन काटक्यांसारखं काहीतरी आहे डोक्यावर."

"दिसायला कसं आहे?"

साळोबाने खूप विचार केला. "तपकिरी," तो म्हणाला.

काजळी हसली. "तपकिरी तर सगळीच असतात, भाऊजी. आणि तिकडून त्याला दिसणार काय? त्यांच्याकडे ना कासव ना पेट्या. त्यांना आपली कड म्हणजे नुसती रेघ. रेघेकडे बघत रोज कोण उभं राहील?"

"तेही खरंच," साळोबा म्हणाला. पण त्यानंतर आपला भाऊ पाहून झाला की तो क्षणभर नळी डावीकडे वळवी, आणि घरी जाताना काजळीच्या दारावरून जाई तेव्हा एवढेच म्हणे, "आज आलं होतं." ती मान हलवी. कधीकधी ती दारात उभी राहून त्याची वाट पाहत असे, आणि तो दिसला की आत वळल्यासारखे करी.

कासवाला मोठा स्फटिक ओढ्याच्या उगमाशी सापडला. ते घासायला बसले. काजळी अधूनमधून जाऊन बघून येई. भिंग आधी दुधी होते, मग पाण्यासारखे, मग हवेसारखे. "अजून एक कण राहिलाय," कासव म्हणे. "राहू द्या की आजोबा," असे म्हणायला तिने एकदा तोंड उघडले, आणि मिटले. इतकी थांबली ती त्या एका कणासाठीच थांबली होती.

त्या वर्षी आभाळ कोरडे गेले. अलीकडे ओढा होता म्हणून निभावले. पलीकडची रेघ निळी होती ती आधी पिवळी झाली, मग राखेच्या रंगाची. एका संध्याकाळी साळोबा काजळीच्या दारावरून काही न बोलता पुढे गेला.

"भाऊजी," तिने हाक मारली. "आज सांगितलं नाहीत."

साळोबा थांबला, पण वळला नाही. "आज आलं नाही."

"काल?"

"कालही नाही. परवाही नाही. मला वाटलं, येईल, म्हणून बोललो नाही. गवत संपलंय तिकडचं. कळप डोंगराकडे सरकला असावा. माझा भाऊही दिसत नाही."

काजळी त्याच्याजवळ गेली. त्याच्या काट्यांची पर्वा न करता अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे साली आहेत ना? इतक्या दिवसांच्या? मला द्या. ते हरीण उमटलंय ना एखाद्या सालीवर? रवाळ असलं तरी चालेल. तपकिरी डाग असला तरी चालेल."

"सगळ्या भावाच्याच आहेत, वहिनी," साळोबा म्हणाला. "त्या हरणाला मी नुसतं बघत असे. कळ कधी दाबली नाही. दुसऱ्याच्या लेकराचं चित्र न विचारता कसं काढायचं? तू म्हणाली असतीस तर..."

ती दोघे तशीच उभी राहिली.

हिवाळ्यात दूरचे भिंग तयार झाले. कासव स्वतः ते घेऊन कडेपर्यंत आले. या चालीला त्याला पुष्कळ वेळ लागला. सकाळ होती. रात्री दव पडून हवा धुतल्यासारखी झाली होती. काजळीने जुने भिंग काढले. भिंग बदलताना पेटी आंधळी असते, तेवढा वेळ तिने आपलेही डोळे मिटून घेतले. मग दूरचे भिंग बसले, टक् असा आवाज झाला, आणि तिने डोळा लावला.

कासवाने खोटे सांगितले नव्हते. पलीकडची कड तिच्या नाकासमोर आली. वाळलेल्या गवताची एकेक पाती वेगळी दिसत होती. पातीवर एक मुंगी चढत होती आणि मुंगीची सावलीही चढत होती. दगडावरचे शेवाळ सुकून त्याचे पापुद्रे सुटले होते. जिवंत म्हणून तिथे त्या मुंगीखेरीज काही नव्हते. काजळीने पेटी हळूहळू फिरवली. उजवीकडे, झाडापर्यंत. मग डावीकडे, कडेच्या टोकापर्यंत. तिथे ती थांबली.

"दिसलं का काही?" साळोबाने विचारले.

पेटी हलू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला.

टोकावर गवत नव्हते. उभे राहून राहून तिथली जमीन उघडी पडली होती आणि उंबऱ्यासारखी मधोमध झिजली होती. कधीतरी ओली असताना तिच्यावर खूर उमटले होते, पुन्हा ओली झाली तेव्हा पुन्हा उमटले होते, आणि आता सगळे वाळून दगडासारखे घट्ट झाले होते. सर्वांत खाली, कडेला, बोराएवढे लहान खूर होते. त्यांच्यावर थोडे मोठे. त्यांच्यावर त्याहून मोठे, आणि वर, अगदी मधोमध, पूर्ण वाढलेल्या जनावराचे, खोल गेलेले. भिंग इतके निर्मळ होते की खुरांच्या दोन पाकळ्यांमधली मातीची बारीक धारसुद्धा शाबूत दिसत होती. आणि त्या सगळ्या खुरांची, लहानांची नि मोठ्यांची, टोके अलीकडे होती.