एका सुरात

"पण तो तुमच्यापाशी काय बोलला, भंते?"

शेंद्रे सरांनी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. टेकडीवरच्या विहाराच्या पायरीशी चेतनच्या चपला दिसल्या. ते तिथेच खाली बसले. भंतेंनी आत बोट दाखवलं, तेव्हा बसल्या बसल्याच मुख्याध्यापिकांना फोन लावून एवढंच म्हणाले, "सापडला. सुखरूप आहे. आधी त्याच्या आईला कळवा."

नववीतला मुलगा. हजेरी झाल्यावर पाणी प्यायला म्हणून वर्गाबाहेर गेला, तो परतलाच नाही. शाळेनं दुपारपर्यंत सगळं धुंडाळलं. वसतिगृह, स्टँड, रेल्वेचे रूळ. शेवटी कुणी कुणाच्या तोंडाकडे न बघता विहिरीही पाहिल्या.

म्हातारे भंते चटईवर पाय पसरून उन्हात बसले होते.

"काही बोलला नाही."

"मग केलं काय त्यानं?"

"जेवला. झोपला."

"आणि तुम्ही काय विचारलंत?"

"भाकर खातोस का, म्हणून विचारलं."

सरांनी आत डोकावून पाहिलं. बुद्धमूर्तीच्या बाजूला सतरंजीवर चेतन कुशीवर झोपला होता. उशाशी डबा होता, रिकामा. गावातली उपासिका रोज आणून देते, तो भंतेंचा एक वेळचा डबा. आता तर दुपार टळली होती, आणि भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. भंते उद्या सकाळपर्यंत काही खाणार नव्हते.

सरांना बरं वाटलं. आणि बरं वाटल्याबरोबर राग आला.

"भंते, आठ वर्षं दर रविवारी मी तुमच्यापुढे बसतो. तुमचा शिष्य म्हणवतो. पण हे मला समजत नाही. शाळेत पंधरा शिक्षक आहेत. पोरांच्या मनाला कसं जपायचं, हे मी स्वतः नागपूरला शिकून आलो आणि पंधराही जणांना शिकवलं. वसतिगृहाच्या वॉर्डनला शिकवलं. स्वयंपाकीणबाईंनासुद्धा सोडलं नाही. आणि पोरगं एवढं चालत तुमच्याकडे येतं!"

"काय शिकवलंस त्यांना?"

"रोज हजेरी झाली की प्रत्येक वर्गात विचारायचं, 'आज मन कसं आहे?' एक दिवस चुकत नाही आमचा."

"मुलं काय म्हणतात?"

"'छान, सर!'"

"सगळी?"

"सगळी. एका सुरात."

"आज सकाळी?"

"...आज सकाळीही."

"वर्गावर कोण होतं?"

"मीच होतो."

सर हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

"त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, भंते."

टेकडीवर वारा नव्हता. खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"मास्तर, मला एक प्रश्न विचार," भंते म्हणाले. "पण ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही, असा."

सरांना हसू आलं. सव्वीस वर्षं प्रश्न विचारूनच तर पोट भरलं होतं.

"दुःखाचं कारण काय?"

"ते मीच तुला शिकवलंय. दुसरा विचार."

"मुलं आमच्यापाशी मन मोकळं का करत नाहीत? मोबाइलपायी?"

"उत्तर शिदोरीसारखं बांधूनच आणलंस की."

"बरं... मी कुठे चुकलो?"

"ते तर टेकडी चढतानाच तू ठरवलंस. कुठेच नाही."

फळ्यापुढे उभं राहून विचारलेले प्रश्न सरांनी आठवून पाहिले. एकेकाचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासूनच तयार होतं.

"नाही येत," ते म्हणाले.

"मग बस."

सरांनी हेल्मेट काढून बाजूला ठेवलं.

आत सतरंजी हलली. चेतन डोळे चोळत दाराशी आला. सरांना पाहून जागच्या जागी ताठ झाला.

"छान, सर," तो म्हणाला.

सरांनी काही विचारलंच नव्हतं.

नागपूरला शिकलेली चार-पाच वाक्यं जिभेवर येऊन उभी राहिली. सरांनी भंतेंकडे पाहिलं. भंते टाचेच्या भेगेला तेल चोळत होते, जणू आज जगात तेवढंच एक काम शिल्लक होतं.

सर पायरीवर थोडे बाजूला सरकले. चेतन जरा अंतर ठेवून बसला.

"चेतन, तुला काय विचारावं तेच मला कळत नाही रे."

पोरानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सरांना काही कळत नाही, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

चेतन पायरीवरची माती नखानं खरवडत राहिला.

"बाबाचा आवाज आठवून नाही राहिला, सर."

सर त्याच्याकडे वळले.

"दिवाळीत बाबा गेले, तवापासून रोज आठवतो मी. झोपताना. काल आठवाले गेलो तर चेहरा दिसते, तोंड हालते... आवाजच नाही."

'धीर धर' हे दोन शब्द सरांच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

चेतनचे वडील लोकांच्या शेळ्या राखायचे, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं काहीच नव्हतं. त्यांचे स्वतःचे वडील पोस्टात कारकून होते.

"संध्याकाळी शेळ्या रानात पांगल्या, की बाबा त्यांना बोलवायचे कसे रे?"

विचारून झालं आणि मग सरांच्या ध्यानात आलं, की हे आपल्याला खरंच ठाऊक नाही.

"तुम्हाले नाही येत, सर?"

"मला कुठून येणार? पोस्टाच्या क्वार्टरमध्ये वाढलो मी."

चेतनच्या ओठांचा कोपरा हलला. "लय जोरात ओरडा लागते. इथं?"

सरांनी भंतेंकडे पाहिलं.

"ओरड," भंते टाच चोळत म्हणाले. "बुद्ध काही दचकत नाही."

चेतन उठला, टेकडीच्या कडेशी गेला आणि तोंडाभोवती हात धरले.

"हुर्रर्रऽऽ... चाल वो मैनेऽऽ, चाल वोऽऽ!"

आवाज उतारावरून खाली गेला. जाड, खरखरीत, शेवटाला किंचित चिरका. याच वर्षी फुटलेला आवाज होता तो.

चेतन दचकला. त्याचा हात गळ्याशी गेला.

"सर..."

"काय रे?"

"हाच. असाच होता. अस्साच."

त्यानं पुन्हा हाक दिली. मग पुन्हा. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला तो थांबत नव्हता. खालच्या शेतातून कुणीतरी उलट ओरडलं, "अबे, कोनाची शेळी हारपली?"

चेतनला रडता रडता हसू फुटलं. सरांनाही.

"सर, आईले फोन लावून द्या ना. तिले ऐकवतो."

सरांनी नंबर लावून फोन त्याच्या हाती दिला. तो विहाराच्या मागच्या झाडाखाली गेला. तिकडून आधी बोलण्याचा आवाज आला, मग पुन्हा ती हाक, या वेळी हलकी, घरातल्या घरात मारावी तशी.

सरांनी चष्मा काढून पुसला. ते उठून भंतेंसमोर हात जोडून उभे राहिले.

"भंते, मिळालं! सोमवारी तालुक्यातले चाळीस शिक्षक माझ्याकडे शिकायला येणार आहेत. काय शिकवावं ते कळत नव्हतं. आता हाच शेळ्यांचा प्रश्न देतो एकेकाला. घोकून घेतो त्यांच्याकडून."

भंतेंनी सावकाश चटई गुंडाळली, काखेत मारली आणि दाराशी जाऊन मागे वळले.

"मग चाळीस शेळ्या लागतील, मास्तर."