तोंड दिसेल असं पाणी

"निवड तर कालच झाली, मेहुणे! आता परीक्षा तेवढी उरकायची!"

तळ्याची पाहणी करायला आलेले दिवाणजी लखोबा भोयाच्या ओसरीवर पान चघळत म्हणाले. लखोबा पाहुण्यांसाठी मासळी मिळते का ते पाहायला तळ्यावर गेला होता. मेहुणे रंगोपंत सोडले तर ऐकायला कोणी नाही, अशी दिवाणजींची खात्री. दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन लखोबाची नवी सून सगुणा उभी होती. पण नव्या सुनेलाही कान असतात, हे दिवाणजींना कोण सांगणार?

महाराजांनी दवंडी पिटली होती, राज्यातलं एक तळं साफ करायला सरकारी अनुदान मिळेल. शेवरगावचं तळं गाळानं पार बुजलं होतं. यंदा गाळ निघाला नाही, तर भोईवाड्याला जाळी गुंडाळून गाव सोडावं लागणार होतं. म्हणून लखोबानं अर्ज केला होता. अर्ज रंगोपंतांचाही होता. त्यांच्याकडे तळं नव्हतं. पण एवढ्याशा कारणासाठी कोणी अर्ज करायचं थांबतं थोडंच!

"अट मीच सुचवलीय," दिवाणजी पुढे म्हणाले. "ज्याच्या तळ्याच्या पाण्यात महाराजांना आपलं तोंड लख्ख दिसेल, त्यालाच तळं साफ करायचं अनुदान!"

"अहो, पण बुजलेल्या तळ्यात तोंड दिसेल कसं?"

"म्हणून तर सुचवली! तुम्ही आपलं घंगाळात विहिरीचं पाणी भरून दरबारात आणा."

सगुणा पदर सावरत बाहेर आली, पाणी ठेवलं आणि मुकाट्यानं आत गेली.

"सून मोठी गरीब आहे हो," दिवाणजींनी शेरा मारला.

अट कळल्यावर लखोबानं डोक्याला हात लावला. महाराजांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! गेल्या साली चुकून त्यांनी एका मोराला 'सरदार' म्हटलं होतं; तो मोर अजून दरबारात मानाच्या जागी बसत होता.

"मामंजींना सांगा, आपण जाऊ या," सगुणा सासूच्या कानात पुटपुटली.

दरबारात पोचताच तिनं तळ्याच्या पाण्यानं भरलेलं घंगाळ एका कोपऱ्यात ठेवलं आणि निवळीचं बी उगाळून त्यात फिरवलं. दरबार भरायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. सरकारी उशिराचा कोणाला उपयोग होण्याची ती पहिलीच वेळ. महाराज येईपर्यंत गाळ तळाशी बसला होता!

महाराज रंगोपंतांच्या चांदीच्या घंगाळावर वाकले. "दिसलं!" मग लखोबाच्या घंगाळावर वाकले. "इथंही दिसलं! आता काय करायचं?"

"रंगोपंतांचं पाणी जास्त लख्ख आहे, महाराज," दिवाणजी घाईनं म्हणाले. "निवड उघड आहे!"

सगुणा पुन्हा सासूच्या कानाशी लागली. सासूनं खणखणीत आवाज लावला, "सून म्हणते, दोन्ही घंगाळं इथंच पालथी करा!"

"एवढी धीट, तर स्वतः का बोलत नाही?" महाराजांनी विचारलं.

"नवी आहे, महाराज. सासऱ्यासमोर बोलत नाही."

"आणि दरबारासमोर?"

"दरबाराचं काही नाही हो! सासरे बसलेत ना तिथं!"

घंगाळं पालथी झाली. रंगोपंतांचं पाणी वाहून गेलं, फरशी चकचकीत झाली. लखोबाच्या घंगाळातून आधी पाणी सांडलं, मग भद्दकन काळा गाळ गालिच्यावर पडला. त्यातून एक खेकडा निघाला आणि तडक दिवाणजींच्या रोखानं चालू लागला. दिवाणजी आसनावर पाय घेऊन बसले.

"सून म्हणते," सासू ओरडली, "अटीप्रमाणे तोंड दिसलं. आता तळाशी काय आहे तेही दिसलं. तेच काढायला आम्ही अनुदान मागतोय!"

महाराज पोट धरधरून हसले. "अनुदान लखोबाला! सुनेला सोन्याच्या पाटल्या! आणि गाळाची पहिली पाटी दिवाणजींच्या डोक्यावर!" मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण एक कळेना. रंगोपंतांच्या तळाशी तर काहीच नाही. मग अनुदान घेऊन हे उपसणार होते तरी काय?"

रंगोपंत फरशीकडे पाहू लागले, दिवाणजी छताकडे. सासूनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं. लखोबानं शहाण्यासारखी भिंतीकडे मान वळवली आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

तेव्हा कुठे सगुणा मोठ्यानं बोलली, "तुमचा खजिना, महाराज!"