रूथबाईची ओंजळ

प्रभूच्या लेकरांनो, आमच्या बोरखळीची ही गोष्ट. नगरकडच्या उजाड माळावरचं एवढंसं गाव, पण तिथे शांतवनमहाराजांचे पाय लागले आणि गावाने मान ताठ केली ती आजतागायत! महाराज ख्रिस्ताचे साधू. अंगात जाडाभरडा झगा, हातात एकतारी. देवळात बसायचे ते सगळ्यांच्या मागे, तरटावर.

मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे, होते याकोबराव भिंगारदिवे. देवळाच्या दारातला रांजण त्यांच्या आजोबांनी ठेवलेला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभू वधस्तंभावर गेले त्या दिवशी, प्रत्येक घराने पाण्याची घागर त्यात ओतायची आणि कोपरापर्यंत तीनदा हात धुऊनच आत जायचं, असा दंडक होता. त्या दिवशी उपास, चूल बंद. घरात थेंब उरला नाही तरी कुणी कुरकुरत नसे. "एवढं सोवळं अख्ख्या जिल्ह्यात दाखवा!" असं याकोबराव मिशीवर हात फिरवून सांगत.

त्या साली दुष्काळ पडला. विहिरी आटल्या होत्या, टँकर शनिवारी यायचा होता. तरीही रांजण भरला! बाराच्या उपासनेला मंडळी हात धुऊन आत जात होती, इतक्यात वीटभट्टीवरचा एक म्हातारा मजूर दारातच कोसळला. भट्टीवरून त्याच्यासोबत आलेल्या रूथबाईने मागचापुढचा विचार केला नाही. चिखलाने माखलेले दोन्ही हात रांजणात घातले आणि ओंजळ म्हाताऱ्याच्या तोंडाला लावली.

"अगं ए!" याकोबराव कडाडले. "रांजण बाटवलास की! भट्टीची घाण घेऊन देवाच्या दारात येतेस, लाज नाही वाटत?"

"वडील, म्हातारबाचा जीव चालला होता हो."

"त्याचं देव बघेल. तू बाहेरच बस!"

आणि चौघांना हाताशी घेऊन त्यांनी रांजण आडवा केला. सगळं पाणी मातीत जिरलं. महाराज मागून एवढंच म्हणाले, "याकोबराव, घाई केलीत." पण ऐकतो कोण! आजोबांची रीत राखली म्हणून याकोबरावांची छाती फुगली होती.

दीडच्या सुमाराला पत्र्याखाली देऊळ नुसतं तापलं. याकोबरावांची लेक सुलोचना बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना सरत आलेला. ती बाकावरून घसरली ती उठेचना. डोळे फिरले, ओठ कोरडेठाक.

"पाणी आणा! पाणी!"

माणसं घरोघर पळाली आणि रिकाम्या हातांनी परतली. हंडे पालथे, घागरी पालथ्या. याकोबराव लेकीकडे धावले. आपणच ओतलं, आपल्याच हातांनी! लेकीचं डोकं मांडीवर घेऊन ते ओक्साबोक्शी रडू लागले. "महाराज, माझी पोर वाचवा हो!"

महाराज उठले आणि दाराशी गेले. रूथबाई तिथेच उन्हात म्हाताऱ्यावर पदराची सावली धरून बसली होती. महाराजांनी स्वतः रांजण उभा केला. म्हणाले, "बाई, हात घाल आत."

"महाराज, तो रिकामा आहे. अन् माझे हात हे असे."

"याच हातांनी. प्रभूला हेच हात हवेत."

रूथबाईने डोळे मिटले, प्रभूचं नाव घेतलं आणि वाकली. काय सांगू! हात वर आले ते ओंजळभर पाणी घेऊनच! गार, नितळ पाणी. रूथबाई धावली, पोरीच्या ओठांना ओंजळ लावली. एक घोट गेला, दुसरा गेला. सुलोचनेने डोळे उघडले, पोटावर हात ठेवला आणि पुटपुटली, "बाळ हललं, बाबा."

याकोबरावांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी त्यांना खांदे धरून उठवलं. "विटाळ हातांना नव्हता, याकोबराव. मघाशी तुमच्या तोंडून बाहेर पडला तो विटाळ. रीत राखा, पण आधी मन धुवा. आणि पाया पडायचं तर इथे नव्हे."

याकोबराव वळले. भर मंडळीत, आजोबांनी रांजण ठेवलेल्या त्या दारात, ते रूथबाईसमोर गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. रूथबाई कानकोंडी होऊन मागे सरली. "उठा हो वडील, असं काय करता?"

याकोबराव उठले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि कोरडे ओठ हलवले.

"रूथबाई, मलाही एक घोट द्या. तुमच्याच हातांनी."