सटवाजी देश वाढवतो

माळावरच्या एका गावात सटवाजी नावाचा भोळा गडी राहायचा. सांगाल ते ऐकायचा. अगदी सांगाल तेच.

त्या गावात उन्हावरची वीज आली. पंचायतीच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसल्या, खाली पिठाची गिरणी सुरू झाली. राखणीला सटवाजीला ठेवलं. तालुक्याचे साहेब भाषणात म्हणाले, "ही वीज जेवढी वापराल, तेवढी गावाची भरभराट. गावाची भरभराट तीच देशाची. काम नीट दिसलं, तर तुमच्या टोमॅटोसाठी शीतगृहही देऊ."

सटवाजीला वाटलं, आता देश आपल्यावरच आहे. त्यानं दिवसभर रिकामी गिरणी फिरवली. भर उन्हात दिवे लावले. संध्याकाळी बाया दळण घेऊन आल्या, तर बॅटरी संपलेली.

सरपंच भामाबाई धावत आल्या. "अरे, रिकामी गिरणी कशाला फिरवलीस?"

"देश वाढवत होतो, बाई."

"नुसती वीज जाळून देश वाढत नाही. गिरणीत काहीतरी घालावं लागतं."

"असं होय," सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो काहीतरी शोधायला लागला. शेजारच्या खोलीत गावानं पेरणीसाठी राखलेली हरभऱ्याची पोती होती. त्यानं ती सगळी दळली. बेसन झकास निघालं.

भामाबाई मटकन खाली बसल्या. "सटवाजी, ते बियाणं होतं रे."

"तुम्हीच म्हणालात, काहीतरी घाल."

"बियाणं दळलं की संपलं. जे वाढवायचं ते मातीत घालायचं, वर पाणी द्यायचं. मग एकाचे पन्नास होतात. कळलं?"

"असं होय," सटवाजी म्हणाला.

गावानं पाहुण्यारावळ्यांकडून बियाणं मागून आणलं. घरोघर पिठलं शिजत राहिलं. सटवाजीला मात्र घास गिळवेना. गावाचं नुकसान आपण केलं, भरूनही आपणच काढायचं, असं त्यानं ठरवलं.

साहेब पाहणीला आले, तेव्हा गिरणी बंद होती. साहेबांनी वर पाहिलं. छप्पर मोकळं.

"प्लेटा कुठं आहेत?"

भामाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सटवाजी तेवढा खुशीत होता. पाय चिखलानं भरलेले. तो सगळ्यांना पंचायतीमागच्या वावरात घेऊन गेला. तिथं सरळ सऱ्या पाडलेल्या, नुकतंच पाणी दिलेलं. एका सरीत निळ्या काचेचा कोपरा चिखलातून वर आला होता.

सटवाजी त्याच्यापाशी हलकेच उकिडवा बसला.

"जपून पाय टाका, साहेब," तो म्हणाला. "पहिला कोंब आलाय."