आगीचा लोळ

"रागाच्या भरात काढलेला शब्द खरा होतो का, बाबा?"

धोंडगीर बाबांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते परातीतल्या डाळीतले खडे वेचत होते.

"कुणी काढलेला?"

"कुणीही..."

अंगणात उभा राहून नारोबा समोरच्या डोंगराकडे टक लावून पाहत होता.

नुकताच, दिवेलागणीला, आभाळातून आगीचा एक लोळ गेला होता. आधी पांढरा, मग हिरवट. अंगणात झाडांच्या सावल्या पडल्या आणि पडल्या तशा पळू लागल्या. लोळ वाटेतच फुटला, त्याचे निखारे झाले आणि विझत विझत डोंगराआड गेले. कुठं काही वाजलं नाही. सरलं, असं नारोबाला वाटलं. आणि मग, बऱ्याच वेळानं, गडगडाट आला. फडताळातली भांडी हलली. वडावरचे कावळे एकदम उठले.

डोंगराआड बोरदरा होतं. तिथं नारोबाचा धाकटा भाऊ येसबा राहत होता.

आई गेली तेव्हा नारोबा परगावी होता. तो पोचायच्या आत येसबानं अग्नी देऊन टाकला, थोरल्यासाठी थांबला नाही. त्या दिवशी भर अंगणात, भेटायला आलेल्या माणसांसमोर, नारोबानं हात वर करून भावाला शाप दिला होता. तुझ्या घरावर आभाळातून आग पडेल. आणि तसाच पाठ फिरवून तो मठात निघून आला.

इथं त्यानं देह कसून घेतला. एकभुक्त राहिला, उन्हात बसला, महिने महिने मौन धरलं. आसपासच्या गावांत लोक बोलू लागले, नारोबाच्या जिभेला धार आली आहे, तो म्हणतो ते होतं. नारोबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण ऐकायचा.

आज तीच जीभ टाळूला चिकटली होती.

"मी काय करू, बाबा?"

"बघून ये."

"आणि तिथं खरंच..."

बाबांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग नको जाऊस."

नारोबा निघाला.

खिंडीची वाट पायाखालची, तरी तो जागोजागी ठेचकाळत होता. जळक्याचा वास येतो का, म्हणून हुंगत चालला होता. एके ठिकाणी वास आला, तसा तो पळत सुटला. जवळ गेल्यावर कळलं, कुणीतरी बांधावर पालापाचोळा पेटवून दिला होता.

खिंडीच्या माथ्यावरून गाव दिसलं. दिवे जागच्या जागी होते. येसबाच्या घराचं छप्पर होतं तसं होतं.

नारोबा मटकन खाली बसला. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, अगदी ओझरतं, आणखी एक वाटलं... नेम चुकला.

त्या वाटण्यानं तो जास्त घाबरला.

वेशीपाशी येसबाच भेटला. हातात कंदील घेऊन निघाला होता. आग आपल्या गावावरून पलीकडं गेली, उंबरमाळाच्या वस्तीवर पडली असणार, तिथली माणसं धड आहेत का ते बघायला चाललोय, असं म्हणाला. भावाला एवढ्या वर्षांनी समोर बघून तो जरा थबकला. मग पाया पडला आणि चल म्हणाला.

उंबरमाळावर सारी वस्ती कोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या खळ्यात गोळा झाली होती. तिच्या कडब्याच्या गंजीला वरपासून खालपर्यंत आरपार भोक पडलं होतं. माणसांनी पेंढ्या उपसून बाजूला केल्या होत्या. बुडाशी, मातीत अर्धा रुतलेला, नारळाएवढा काळा दगड होता. अंगावर खळगे, ओल्या चिखलात अंगठे दाबावेत तसे.

कुणी जवळ जात नव्हतं. हात लावील तो जळेल, असं कुणी म्हणत होतं. कुणी रातोरात वस्ती हलवायचं बोलत होतं. मग सगळ्यांची नजर नारोबाच्या भगव्या कफनीकडं गेली. महाराज, तुम्हीच बघा, असं कोंडाबाई हात जोडून म्हणाली.

नारोबाचा हात उठेना.

येसबा खाली वाकला आणि त्यानं दगड उचलला.

नारोबानं डोळे मिटून घेतले.

"गार हाय," येसबा म्हणाला. "हिरीतनं काढल्यावानी."

त्यानं तो नारोबाच्या ओंजळीत ठेवला. खरंच गार होता. नारोबानं कंदील मागून घेतला आणि उपसलेल्या पेंढ्या उलटून उलटून पाहिल्या. एक काडी करपलेली नव्हती.

परत येताना त्याला राहवलं नाही.

"येसबा... त्या दिवशी मी तुला बोललो होतो."

"कवा?"

"आई गेली तेव्हा. अंगणात. आगीचं."

"लई बोलत हुतास, दादा. माझं ध्यान आईच्या रिकाम्या बाजेकडं हुतं."

मग तो म्हणाला, की घरी चल, भाकरी खा, सकाळी जा. नारोबा नको म्हणाला. का नको, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रात्र त्यानं खिंडीतच बसून काढली.

उजाडल्यावर तो मठात आला आणि बाबांना सगळं सांगितलं. घर वाचलं, वस्ती वाचली, दगड कसा होता, भाऊ काय म्हणाला.

"माझ्या शब्दानंच तो पडला का, बाबा? पडला असेल, तर घर कसं चुकलं? आणि नसेल... तर इतकी वर्षं मी..."

"गार होता म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"अगदी गार."

"एवढा पेटत आलेला."

"हो. मग ती आग गेली कुठं, बाबा?"

बाबा जवळ सरकले. ताप बघावा तसा त्यांनी नारोबाच्या कपाळावर तळवा टेकवला... आणि चटका बसल्यासारखा झटकन मागं घेतला.

"तो वरच विझला, मग खाली आला. तू कधी उतरतोस?"