वासरापुढचा कडबा

"...मग दोघांना एकाच चटईवर बसवून एकच गाय शिकवायची तरी कशी, बुवा?"

धुंडीबुवा मठाच्या गोठ्याच्या दाराशी बसून दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणाऱ्या बाईंचं नाव सुनेत्रा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नोकरी सोडली आणि पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवू लागल्या. शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर बाईंनाही ते केव्हाच पटलेलं होतं.

"पोरं कुठं हायत?" बुवांनी विचारलं.

"ती काय, तिथं."

गव्हाणीजवळ निहार उभा होता, नऊ वर्षांचा. त्याच्या सदऱ्याचं टोक धरून रेवू, चार वर्षांची.

"निहारसाठी शिकवलं की ही पेंगते," बाई म्हणाल्या. "हिच्यासाठी शिकवलं की तो म्हणतो, हे मला येतं, पुढचं सांग. म्हणून मी दोन धडे केले. त्याला पोटाचे कप्पे आणि रवंथ. हिला रंगवायला गाईचं चित्र. तर ही खडू टाकून त्याच्याच मागे जाऊन बसते."

"बसंना का."

"बसते, पण बोलत नाही. एरवी घर डोक्यावर घेते. प्राण्यांचा धडा सुरू झाला की तोंड मिटून घेते..." बाईंचा आवाज खाली आला. "उद्या माझी बहीण येतेय. रेवूला सांगलीला घेऊन जाईल. तिथे बालवाडी आहे, हिच्या वयाची मुलं आहेत. मन घट्ट केलंय मी."

रेवूने हे ऐकलं. सदऱ्याचं टोक तिने दोन्ही मुठींत धरलं.

बुवांनी ते पाहिलं. थोडा वेळ दावं वळायचं राहिलं.

"बोलायची कशानं थांबली?"

"हम्मा म्हणायची. भूभू, माऊ, काऊ. मी म्हटलं, धड्यात असले शब्द नकोत. हम्मा नाही, गाय म्हण. चुकीचं एकदा तोंडात बसलं की निघत नाही."

"मग गाय म्हणाली?"

बाईंनी नजर गव्हाणीकडे वळवली.

"म्हणाली का न्हाई?"

"नाही. गप्पच झाली."

बुवा उठले. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पेंढीतून त्यांनी मूठभर कडबा ओढला आणि वासरापुढे नेऊन ठेवला. वासरू परवाच जन्मलेलं. पाय अजून लटपटत होते. त्याने कडबा हुंगला, फुर्रकन शिंकलं आणि मागे सरलं.

बाईंना हसू आवरेना.

"अहो बुवा, तान्हं आहे ते! त्याला कडबा कसा पचेल?"

"चांगला हाय की. शाळू ज्वारीचा हाय."

"चांगला असेल हो. पण त्याला दूध लागतं."

"दूध कशाचं हुतं?"

"कडब्याचंच होतं. पण तो गाय खाईल, रवंथ करील, मग..."

बाई थांबल्या. पण शिकवायची सवय दांडगी. "म्हणजे काय होतं, पहिल्या कप्प्यात..." त्यांनी सुरुवात केलीच.

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

शेजारीच त्या वासराची गाय बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, गव्हाण रिकामी, आणि जबडा मात्र चालू.

रेवू तिच्याकडे टक लावून बघत होती. बराच वेळ. मग तिने भावाचा सदरा ओढला.

"दादा, हम्मा काय खाते?"

बाईंनी तोंड उघडलं. 'गाय' अगदी जिभेवर आली होती. बुवांचं बोट अजून ओठांवरच होतं. बाईंनी शब्द गिळला, आणि तो गिळताना त्यांना फार जड गेलं.

"रवंथ करतेय," निहार म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे रवंथ."

"पण म्हंजे काय?"

निहारने डोकं खाजवलं. "मघाशी खाल्लेलं परत तोंडात आणते."

"ओकली?"

"ए, ओकली नाही!" तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "खाताना तिला घाई असते ना, म्हणून नुसतं गिळते. पोटात ठेवून देते. मग निवांत बसते आणि थोडं थोडं वर काढून चावते."

"तू लाडू खिशात ठेवतोस तसं?"

"हां! तसंच. पण हिचा खिसा पोटात."

रेवू खुदकन हसली. प्राण्यांच्या धड्यात ती किती दिवसांनी हसली! "हम्माच्या पोटात खिसा!"

"एक नाही काही, चार."

"मग चावलेलं कुठल्या खिशात जातं? परत त्याच?"

निहार गाईच्या पोटाकडे बघत बोटांवर कप्पे मोजू लागला. त्याचे कान लाल झाले. हा धडा त्याला तोंडपाठ होता. आकृती काढून नावंसुद्धा दिली होती त्याने.

"आई, हे मला येत नाही गं. परत त्याच कप्प्यात जातं का?"

"हम्माचा पहिला खिसा..." बाई म्हणाल्या आणि आपल्याच तोंडच्या शब्दाने दचकल्या.

रेवू आईकडे बघत राहिली. मग सदऱ्याचं टोक सोडून ती आली आणि आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आई," निहार गाईकडे बघत म्हणाला, "उद्या रेवू गेली की मी हे कुणाला सांगू?"

गाईचा जबडा चालला होता.

बाईंनी पदराने डोळे पुसले. शिकवणाऱ्या बाईंचा ताठा त्यांच्या आवाजात आता नावालाही उरला नव्हता.

"बुवा... मी आता काय करू?"

बुवा पुन्हा दाराशी जाऊन बसले होते. त्यांनी दावं मांडीवर घेतलं आणि पीळ भरायला लागले.

"त्यो कडबा उचल, बाई, वासरापुढनं. गाईपुढं टाक. आन् वासरू तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे."